पुलाखालचे पाणी

दोन विचारांची, दोन भाषांची किंवा दोन पिढ्यांची ‘सांगड घालावी’ असे आपण नेहमी म्हणतो आणि लिहितो. सांगड म्हणजे मुळात काय, हे मात्र आता फार थोड्या घरांत ठाऊक असेल. वाळलेले भोपळे किंवा लाकडाचे ओंडके एकत्र बांधून नदी ओलांडण्यासाठी केलेला तराफा म्हणजे सांगड. आपल्या भाषेतील असे कितीतरी शब्द नदीकाठी जन्मले. पैलतीर, उतार, तर, नावाडी, भोवरा, धार, ठाव लागणे, पार पडणे या शब्दांतून अजूनही पाण्याचा वास येतो. शब्द राहिले, पण त्यांच्यामागची नाव गेली. नाव गेल्यामुळे नदीविषयीचे आपले ज्ञानही कसे आटत गेले, याचा थोडा विचार या महिन्यात करावा असे वाटते.

बीदरहून औरादकडे जाताना मांजरा ओलांडावी लागते. बसला यासाठी फार तर मिनिटभर लागते. खिडकीजवळ बसलेल्याने मान वळवली तर नदी दिसते, एरवी कठडाच दिसतो. पूल नसताना हेच पात्र माणसाला थांबवीत असे. पावसाळ्यात पाणी उतरण्याची वाट पाहत लोक काठावर बसत. वेताच्या सांगाड्यावर कातडे मढवलेली गोल टोपली, जिला कानडीत हरिगोलु म्हणतात, तिच्यातून माणसे, धान्याची पोती आणि प्रसंगी नवी नवरीही पलीकडे जात असे. प्रवास जिवावरचा होता. त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. बाळंतिणीला वेळेवर वैद्याकडे नेता येते, पोरे पावसाळ्यातही शाळेत जातात, हे पुलाचे उपकार आहेत. परंतु पूल आला आणि नदीची ओळख संपली, असे सर्वत्र झालेले नाही. पुलाला आणि नावेला एकत्र नांदवणारे देशही आहेत. त्यांतील एका कालव्याची हकिगत सांगण्यासारखी आहे.

फ्रान्सच्या दक्षिणेस तुलूझ या शहरापासून भूमध्य समुद्रालगतच्या तो नावाच्या खाजणापर्यंत सुमारे २४० किलोमीटर लांबीचा कालवा आहे. त्याचे फ्रेंच नाव ‘कनाल द्यु मिदी’, म्हणजे दक्षिणेचा कालवा. पिअर-पॉल रिके नावाच्या माणसाने तो बांधला. हा कोणी पदवीधर इंजिनिअर नव्हता, मिठावरचा कर वसूल करणारा मक्तेदार होता. चौदाव्या लुईच्या कारकिर्दीत, १६६६ साली या कामाला राजाज्ञा मिळाली आणि १६८१ साली कालवा वाहतुकीस खुला झाला. रिके त्याच्या आदल्याच वर्षी वारला. आपली सारी मिळकत ज्यात ओतली, त्या कालव्यातून गेलेली पहिली नाव पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

त्याच्यापुढचा खरा प्रश्न पाण्याचा होता. अटलांटिककडे आणि भूमध्य समुद्राकडे वाहणारे पाणी जेथे दुभंगते, त्या नोरूझच्या उंचवट्यावर कालव्याला बारमाही पाणी कसे पुरवायचे? रिकेने डोंगरातले ओढे वळवून सें फेरेओल येथे मोठे धरण बांधले आणि ते पाणी उंचवट्यावर आणून दोन्ही अंगांना सोडले. या कामावर हजारो मजूर होते आणि त्यांत स्त्रियाही पुष्कळ होत्या. चंद्रा मुखर्जी या विदुषींनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे दाखवून दिले आहे की, पिरेनीज डोंगराकडच्या या खेडवळ बायकांना पाणी उतारावरून कसे खेळवावे याची पिढीजात जाण होती आणि ती या कामी आली. आपल्याकडे मळ्यात पाटाचे पाणी वळवणाऱ्या बाईला हे वाचून मुळीच नवल वाटणार नाही.

हा कालवा चढउतारांवरून जातो, म्हणून जागोजाग दरवाजांची कुंडे आहेत. नाव कुंडात शिरली की मागचा दरवाजा बंद करतात, पाणी भरतात किंवा सोडतात आणि नाव वर चढते किंवा खाली उतरते. बेझिए गावाजवळ अशा कुंडांची एक जलशिडीच आहे. काही ठिकाणी तर कालवाच नदीवरच्या पुलावरून जातो. १६७६ साली बांधलेला असा एक पाणपूल अद्याप वापरात आहे. खाली नदी, वर कालवा आणि कालव्यात नाव, असे ते दृश्य. आणि या सर्वांवरून गाडीरस्ते जातात, ते कमानदार दगडी पुलांवरून. काही कमानी इतक्या ठेंगण्या आहेत की, नावेतल्या माणसांना माना खाली घालाव्या लागतात.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट १८७९ सालची. त्या वर्षी फ्रेंच सरकारने कालव्यांसंबंधी एक कायदा केला. कुंडाची लांबी-रुंदी किती, पाण्याची खोली किती, याची मापे त्यामुळे ठरली आणि कालव्यावरच्या पुलाखाली ३.७० मीटर उंचीची मोकळी जागा हे मापही त्याच मोजपट्टीतले. दक्षिणेचा जुना कालवा या मापांत कधीच पुरता बसला नाही. पण देशातील मुख्य जलमार्ग या मापाने घडवले गेले. रस्ता बांधणाऱ्याने आधी नावेला विचारावे, असा या नियमाचा साधा अर्थ आहे. पुलाचा आराखडा कागदावर उतरण्यापूर्वीच खालून जाणाऱ्याचा हक्क मान्य झालेला असतो.

पुढे आगगाडी आली, मालमोटारी आल्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेच्या कालव्यातून धान्य आणि दारूची पिंपे नेणाऱ्या नावा नाहीशा झाल्या. मग तेथील लोकांनी कालवा बुजवून त्यावर रस्ता केला असता तर ‘विकास’ म्हणून तो खपूनही गेला असता. त्यांनी तसे केले नाही. भाड्याने मिळणाऱ्या घरवजा नावा तेथे आल्या. ताशी सुमारे आठ किलोमीटरच्या वेगाने, काठच्या झाडांच्या सावलीतून कुटुंबेच्या कुटुंबे आठवडा आठवडा प्रवास करू लागली. १९९६ साली युनेस्कोने या कालव्याचा जागतिक वारशात समावेश केला. दुःखही त्यांच्या वाट्याला आले. काठावरच्या जुन्या प्लेन वृक्षांना २००६ पासून एका बुरशीची लागण झाली आणि हजारो झाडे तोडून जाळावी लागली. ही बुरशी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून फ्रान्समध्ये आली, असे मानतात. झाडे तोडली, तशी दुसऱ्या जातीची झाडे लावण्याचे कामही हाती घेतले गेले. ज्या पाण्यावर माणसांची रोज नजर असते, त्या पाण्याची काळजी घेणारेही कोणी ना कोणी निघतात.

हे सारे परक्या मुलखातले, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. म्हणून आता आपल्या दाराशी येऊ. नोरूझचा उंचवटा फ्रान्सलाच आहे असे नाही. बीदर जिल्ह्यालाही पाणी दुभंगणारा असा एक कणा आहे. कारंजा आणि मांजरा यांचे पाणी गोदावरीला मिळते. बसवकल्याण-हुमणाबादच्या अंगाचे मुल्लामारीचे पाणी मात्र कागिणेतून भीमेला आणि भीमेतून कृष्णेला जाते. म्हणजे एकाच ढगातून शेजारच्या दोन शेतांत पडलेले दोन थेंब दोन निरनिराळ्या महानद्यांचे प्रवासी होतात.

आता गंमत पाहा. गोदावरीवर धवळेश्वरम् येथे सर आर्थर कॉटन यांनी १८४७ ते १८५२ या काळात बंधारा बांधला आणि पुढे विजयवाड्याला कृष्णेवरही तसाच बंधारा झाला. दोन्हींपासून काढलेले कालवे शेतीसाठी होते, तसेच नावांसाठीही होते. एलुरू गावी गोदावरीचा कालवा आणि कृष्णेचा कालवा एकमेकांना भेटतात. बीदरच्या माळावर दुरावलेले ते दोन थेंब शेकडो कोसांचा वळसा घेऊन एलुरूच्या कालव्यात पुन्हा एकत्र येऊ शकतात! तेथून पुढे बकिंगहॅम कालव्याने मद्रासपर्यंत पाण्यावरून जाता येत असे. या कालव्याचा मद्रास शहरातला दुवा १८७७-७८ च्या भीषण दुष्काळात, उपाशी माणसांना काम देण्यासाठी खोदला गेला. १९६५ आणि १९६६ सालच्या चक्रीवादळांनी त्याची दुर्दशा झाली आणि नावांची रहदारी ओसरली.

कॉटनच्या मनात याहून मोठे होते. आगगाडीपेक्षा पाण्याची वाहतूक या देशाला स्वस्त पडेल, असे तो जन्मभर सांगत राहिला. गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा या नद्या नावाजोग्या करून वऱ्हाडचा कापूस पाण्यावरून थेट पूर्व किनाऱ्याला न्यावा, अशी योजना त्या काळी आखली गेली. वाटेतल्या खडकाळ अडथळ्यांना वळसा घालण्यासाठी दुम्मागुडेमसारख्या ठिकाणी बंधारा आणि कालवा बांधण्यात आला. दरम्यान मुंबईहून आगगाडी वऱ्हाडात पोचली आणि १८७१ साली हे काम सोडून देण्यात आले. ती योजना पुरी झाली असती तर वऱ्हाडचे व्यापारी मुंबईऐवजी काकिनाड्याकडे पाहत बसले असते आणि मराठी घरांच्या स्थलांतराचा इतिहासही कदाचित निराळा झाला असता.

आपल्या बीदरला मात्र याहून जुना आणि अगदी वेगळा कालवा आहे. बहमनी सुलतानांनी पंधराव्या शतकात राजधानी गुलबर्ग्याहून येथे आणली, तेव्हा जांभ्या दगडाच्या या पठारावर शहराला पाणी पुरवण्यासाठी इराणी पद्धतीची भुयारे खणण्यात आली. त्यांना करेझ म्हणतात. नौबादजवळचे करेझ त्यांतले प्रसिद्ध. जमिनीखालून, अगदी मंद उताराने पाणी पुढे सरकते आणि वर ठिकठिकाणी उजेडासाठी, हवेसाठी आणि पाणी शेंदण्यासाठी विहिरीसारखी तोंडे ठेवलेली आहेत. उन्हाने पाणी आटत नाही आणि शत्रूला ते दिसतही नाही. या कालव्यावर पूल बांधावा लागला नाही, कारण वर रस्ता आणि खाली पाणी अशी सोय त्याच्या जन्मातच होती. पण म्हणूनच लोक त्याला विसरले. तोंडे मातीने बुजली, वर घरे आणि रस्ते झाले. अलीकडे गेल्या दशकात अभ्यासकांनी आणि प्रशासनाने त्याचा मागोवा घेऊन गाळ उपसण्याचे काम केले, तेव्हा कुठे नव्या पिढीला आपल्या पायाखाली काय आहे ते कळले. डोळ्यांआड गेलेले पाणी मनातूनही किती सहज जाते, याचा हा धडा आहे.

आता जो प्रसंग सांगायचा, तो १२ एप्रिल २०१६ चा. त्या दिवशी भारताचा राष्ट्रीय जलमार्ग कायदा अमलात आला. देशातील १११ जलमार्गांची यादी त्याला जोडलेली आहे. तीत एकविसाव्या क्रमांकावर भीमा आहे आणि सत्तराव्या क्रमांकावर मांजरा. म्हणजे गाणगापूरला जिच्या संगमात आपण बुडी मारतो ती नदी आणि बीदरला वळसा घालून जाणारी नदी, दोन्ही कायद्याच्या दृष्टीने नौकांच्या वाटा ठरल्या. आणि त्याच १२ एप्रिलला, भल्या पहाटे, मिरजेहून पाणी भरून निघालेली पहिली आगगाडी लातूरला पोचली. दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले होते. लातूर हे मांजरेच्या खोऱ्यातले शहर. ज्या धरणावर त्याची तहान भागायची, ते मांजरेवरचे धनेगावचे धरण कोरडे पडले होते. एका नदीला नावांचा मार्ग म्हणून राजमान्यता मिळते आणि त्याच दिवशी त्याच नदीच्या लेकरांना प्यायचे पाणी आगगाडीने आणावे लागते! कोणा नाटककाराने हे रचले असते, तर आपण त्याला अतिशयोक्तीचा दोष दिला असता.

कायद्याला हसून हा प्रश्न सुटणार नाही. कायद्याने नदीला नाव दिले, पाणी देणे त्याच्या हातात नव्हते. मांजरा पाटोद्याजवळ बालाघाटच्या डोंगरात उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहत जाऊन गोदावरीला मिळते. या वाटेवर तीन राज्ये आहेत. प्रत्येकाने आपापल्या हद्दीत बंधारे बांधले, शेतकऱ्यांनी विहिरी आणि विंधनविहिरी खोल नेल्या, उसाचे मळे वाढले, पात्रातली वाळू गाड्या भरभरून शहरांच्या बांधकामावर गेली. निजामसागर हे धरण १९२३ ते १९३१ या काळात याच नदीवर झाले आणि त्याच्या भिंतीवरून रस्ताही गेला. मांजरेच्या बंधाऱ्यातले आणि सिंगूरच्या जलाशयातले पाणी हैदराबादला गेले. हैदराबादच्या आपल्या वाचकांनो, तुमच्यापैकी पुष्कळांची घरे वर्षानुवर्षे हिच्याच पाण्यावर वाढली आहेत. पाण्याचा हिशेब मांडणारे प्रत्येक राज्यात आहेत, परंतु सगळी नदी एका दृष्टीत घेणारा कोणी नाही.

पूर्वी तो एक माणूस होता. तो म्हणजे नावाडी. त्याला अक्षर येत नसे, पण पाणी वाचता येई. कोठे डोह, कोठे खडक, यंदा वाळू कोठे साचली, पाण्याचा रंग का बदलला, हे त्याला विचारावे. त्याचे पोट नदीवर होते म्हणून त्याचे लक्षही नदीवर होते. पुलावरून जाणाऱ्या हजार माणसांपैकी एकालाही नदीची प्रकृती सांगता येणार नाही. गोव्यात १९८६ च्या ५ जुलैला मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा पणजीकरांना पलीकडे नेण्यास पुन्हा फेरीबोटीच धावून आल्या. तेथे नावाडी आणि तांडेल नामशेष झालेले नव्हते, म्हणूनच ते शक्य झाले. आपल्याकडे असा प्रसंग आला तर बोलवायचे कोणाला?

म्हणूनच आपल्या जलाशयांवर नौकाविहाराची सोय व्हावी, असे कोणी सुचवले तर ती निव्वळ चैन समजू नये. भालकी तालुक्यातल्या कारंजा धरणाचे पाणी आहे, निजामसागर आहे. सुटीच्या दिवशी मुले पाण्यावर गेली तर त्यांना पाण्याची पातळी कळेल, काठावर येणारे पक्षी दिसतील, सांडपाण्याची घाण कोठून मिसळते तेही दिसेल. मात्र अशी सोय करणाऱ्याने एक गोष्ट विसरू नये. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात सहलीला आलेल्या मुलांची नाव उलटली आणि १२ विद्यार्थी व २ शिक्षिका बुडून मेल्या. नावेत प्रमाणाबाहेर माणसे होती आणि पुष्कळांच्या अंगात जीवरक्षक जाकीट नव्हते. फ्रान्सच्या कालव्यावर परवाना नसलेल्या माणसालाही नाव भाड्याने मिळते, पण आधी ती कशी हाकायची हे शिकवतात आणि वेगाला लगाम असतो. मौजेच्या आधी शिस्त आली पाहिजे. जाकीट नसेल तर नाव सुटणार नाही, हा एक नियम पाळणे ज्यांना जमणार नाही त्यांनी नौकाविहाराच्या गोष्टी करू नयेत आणि आपणही आपली मुले अशा नावेत बसवू नयेत. नावाड्याला दोन शब्द ऐकवण्याची भीड त्या वेळी धरू नये.

आणखी एक विचार सीमेवरच्या आपणा मराठी घरांसाठी. १९५६ साली बीदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके एकीकडे गेले, जहीराबाद आणि नारायणखेड दुसरीकडे, आणि बीदर, भालकी, औराद, हुमणाबाद आणि बसवकल्याणचा मुलूख म्हैसूर राज्यात राहिला. कोणाचे माहेर एका राज्यात, सासर दुसऱ्यात आणि शेत तिसऱ्यात, अशी कितीतरी कुटुंबे झाली. नातवंडे शाळेत कानडी शिकली, हैदराबादकडची तेलुगू शिकली, आजीशी मात्र मराठीत बोलली. या सर्वांना जोडणारे एक जिवंत नाते अजून शाबूत आहे, ते म्हणजे मांजरा. तिला सीमा कळत नाही. बीडचे पाणी लातूरला, लातूरचे बीदरला आणि बीदरचे निजामाबादकडे ती नेते. तिन्ही राज्यांत नातीगोती असलेली, दोन-तीन भाषा सहज बोलणारी माणसे आपल्याइतकी दुसरीकडे क्वचितच सापडतील. सगळ्या नदीचा एकत्र विचार व्हावा असे तिन्ही राज्यांना त्यांच्या त्यांच्या भाषेत सांगण्याचे काम आपण नाही करायचे तर कोणी?

निदान एवढे तरी आपल्या हातात आहे. गाणगापूरला किंवा माणिकनगरला जाताना, माहेरी-सासरी जाताना, वाटेत नदी लागली की मुलांना तिचे नाव सांगावे. ती कोठून येते आणि कोठे जाते ते घरच्या नकाशावर बोटाने दाखवावे. निर्माल्याची पिशवी पुलावरून खाली भिरकावण्याची सवय आपल्या घरापुरती तरी आजच बंद करावी. गावच्या वृद्धांपैकी कोणी सांगडीतून किंवा हरिगोलातून नदी ओलांडली असेल तर ती हकिगत लिहून ठेवावी, कारण ती सांगणारे आता फार दिवसांचे सोबती नाहीत.

‘उतराई’ हा शब्द हिंदीत नावाड्याला द्यावयाच्या मजुरीसाठी आहे. पलीकडे उतरवल्याबद्दल जे द्यायचे, ती उतराई. मराठीने हाच शब्द उपकाराच्या फेडीसाठी ठेवला. आपण पुलावरून जातो, तेव्हा नावाडी नसतो आणि कोणी हात पुढे करीत नाही. परंतु पुलाखाली जी वाहते, किंवा वाहत होती, तिचे देणे अजून बाकी आहे. त्यातले थोडेसे तरी या पिढीच्या हातून फिटावे.